कणखर कसं व्हायचं, असं विचारणाऱ्या सुनेला

प्रश्न असा आला आहे: "माझं वय ५३. सांगली जिल्ह्यात राहते. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. मिस्टर कारखान्यात, शिफ्ट ड्यूटी. दीर बेंगळुरूला, नणंद पुण्यात. सासूबाईंचं सगळं मीच करते. मी त्यांच्या पाटल्या चोरल्या असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तिन्हीसांजेला 'घरी जायचंय' म्हणून बोचकं बांधतात. गेल्या दहा-बारा दिवसांत तर रात्रभर जाग्याच असतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. परवा रात्री तीन वाजता मी त्यांना दंडाला धरून गदागदा हलवलं. वळ उठले. ज्या बाईने मला पंचवीस वर्षं टोचून खाल्लं, तीच आता मला 'आई' म्हणते. सगळे म्हणतात, कणखर राहा. माझ्यात तो कणखरपणा का नाही? तो वाढवता येतो का?"

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी तुमच्या पत्रातल्या तीन शब्दांबद्दल. 'दहा-बारा दिवसांत'. अल्झायमर असा दहा दिवसांत उडी मारत नाही, तो हळूहळू उतरणीला लागतो. झोप अचानक उडाली, मुंग्या दिसायला लागल्या, तासातासाला बोलणं बदलायला लागलं, की बहुतेक वेळा शरीरात काहीतरी नवीन घडलेलं असतं. लघवीतला जंतुसंसर्ग, चार दिवस पोट साफ न होणं, पाणी कमी पडणं, सांगता न येणारं दुखणं किंवा नुकतीच सुरू झालेली एखादी गोळी. सर्दीच्या आणि खाजेच्या साध्या गोळ्यासुद्धा या आजारात डोकं भरकटवतात. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं 'वात झालाय' म्हणायची आणि त्यात त्यांची नजर चुकत नसे. उद्याच दाखवा. लघवी, रक्तातली साखर, सोडियम तपासायला सांगा. घरातल्या झाडून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. ताप असेल, ग्लानी असेल, पडून डोक्याला लागलं असेल, तर उद्याचीही वाट बघू नका. आणि झोपेची गोळी परस्पर देऊ नका. वात झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ती आणखी भरकटवते आणि अंधारात पाडते.

डॉक्टरांना दंडावरचे वळही दाखवा आणि ते कसे उठले ते खरं सांगा. हे अवघड आहे, मला माहीत आहे. गेली २४ वर्षं पुण्यात मानसोपचार समाजकार्यकर्ती म्हणून मी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांबरोबर काम करते. हात उगारला गेला हे सांगणाऱ्या माणसांपेक्षा ते न सांगणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही न विचारता लिहिलंत. झालं ते चुकीचं झालं, आणि ते पुन्हा होऊ नये याची सोय करता येते. ही सोय म्हणजेच तुम्ही विचारताय तो कणखरपणा, असं मी मानते. या एका मुद्द्यावर मी थोडी हट्टी आहे, म्हणून नीट सांगते.

कणखर म्हटलं की आपल्यासमोर एक बाई उभी राहते. पहाटे उठणारी, ओठ घट्ट मिटून सगळ्यांचं करणारी, कुणाकडे काही न मागणारी. अशा पुष्कळ बायका माझ्याकडे आल्या. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतःचं ब्लडप्रेशर २०० च्या घरात गेल्यावर आल्या. वर्षानुवर्षं खरोखर तग धरून राहिलेली घरं आठवली, तर त्यात सोशिक स्वभावाची माणसं होती आणि चिडकीही होती. एक आजोबा तर बायकोवर रोज वैतागायचे, पण अकरा वर्षं त्यांनी तिला उत्तम सांभाळलं. त्यांच्याकडे रात्रीची बाई होती, दर रविवारी येणारा मुलगा होता, आजाराची नीट माहिती होती आणि शेजारी एक मित्र होता ज्याच्याजवळ ते मनसोक्त शिव्या घालत. त्यांचा चिवटपणा त्या चार गोष्टींत होता.

याला आपल्या शेजारच्या गोव्यातून पुरावा आहे. 'संगत' या संस्थेतल्या डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाची ८१ घरं घेऊन एक चाचणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडीने ४१ घरांकडे सहा महिने नियमित मदतनीस पाठवले, बाकीच्यांना तोवर फक्त माहिती दिली. हे मदतनीस डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली, स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसं होती, आणि त्यांच्या मागे एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ उभे होते. ते घरी जाऊन आजार समजावत, आरडाओरडा किंवा भटकणं कसं हाताळायचं ते सांगत, ऐकून घेत, गरज पडली तर डॉक्टरांकडे नेत. सहा महिन्यांनी काय दिसलं? आजारी माणसांच्या वागण्यात आणि क्षमतेत ठाम म्हणता येईल असा फरक पडला नव्हता. करणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मात्र सुधारलं होतं, आणि त्याच वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला होता.

हे नीट बघा ताई. घर तेच, म्हातारी तीच, सून तीच, तिचा स्वभावही तोच. एक माणूस ठरल्या दिवशी दार वाजवायला लागला, एवढंच बदललं. लंडन आणि एसेक्स भागात २६० कुटुंबांवर केलेल्या 'स्टार्ट' नावाच्या उपक्रमातही असंच दिसलं. तिथे मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घरच्यांबरोबर फक्त आठ बैठका घेतल्या आणि त्यांच्या नैराश्यात पडलेला फरक पुढे कित्येक वर्षं टिकला.

तेव्हा 'माझ्यात का नाही' हा प्रश्न सोडून द्या. तुमच्या घरात काय नाही ते बघू.

पहिली गोष्ट, झोप नाही. नवीन माणूस माझ्याकडे आला की मी पेशंटबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, तुम्ही सलग सहा तास शेवटचं कधी झोपलात? बरेच जण आठवायला लागतात आणि डोळे भरून येतात. रात्री तीनला, दहा-बारा दिवसांच्या जागरणानंतर, कुणाचाही हात उठू शकतो. तुमच्या बाबतीत झोप परत मिळवायची सुरुवात उद्याच्या तपासणीपासून होते. संसर्ग निघाला आणि उपचार झाले, तर रात्री बऱ्याच शांत होतील, मात्र त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर मिस्टरांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात रात्री एकआड एक वाटून घ्या. ज्या रात्री त्यांची पाळी, त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. 'मला जाग येतेच' असं म्हणत त्याच खोलीत झोपायचं नाही.

दुसरी गोष्ट, आजाराची माहिती. तुम्हाला ती डॉक्टरांनी पाच मिनिटांत दिली असणार, म्हणजे न दिल्यासारखीच. पाटल्यांचंच घ्या. सासूबाई खोटं बोलत नाहीत. पाटल्या कुठे ठेवल्या ही आठवण त्यांच्या मेंदूत साठलीच नाही. पण 'माझ्या पाटल्या होत्या' ही पन्नास वर्षांपूर्वीची आठवण शाबूत आहे. मधली रिकामी जागा मेंदू जमेल तशी भरतो, आणि दिवसभर डोळ्यांसमोर असते ती सून. आळ तुमच्यावर येतो कारण तिथे दुसरं कुणीच नसतं. पुण्याच्या नणंदेवर तो कधी येणार नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल आणि ते फार झोंबत असेल.

म्हणून वाद घालू नका. 'मी नाही घेतल्या' म्हणालात की खटला सुरू होतो. 'अगं बाई, पाटल्या सापडत नाहीत? चला, शोधू' म्हणा, आणि दोघी मिळून कपाट उघडा. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये ठेवा, तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅम सोन्याच्या दोन जोड आणा, एक हातात, एक डब्यात. मला अनेकजण विचारतात, ही फसवणूक नाही का? मीही सुरुवातीची काही वर्षं या प्रश्नाशी झगडले. आता माझं मत पक्कं आहे. त्या माउलीला सोनं नकोय, हरवलेलं सापडल्याचा दिलासा हवाय, आणि तो दिलासा खरा असतो. शेजारपाजारच्या दोन-तीन घरांत मात्र आजाराबद्दल उघड सांगा. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून लोक हसण्यावारी नेतात किंवा सुनेकडे संशयाने बघतात. हा मेंदूचा आजार आहे, एवढं एक वाक्य तुमच्या मिस्टरांच्या तोंडून शेजारी गेलं, तर तुमच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरेल.

आणि 'घरी जायचंय'. कातरवेळी जुन्या माणसांना हुरहूर लागते हे आपल्याला पूर्वापार माहीत आहे. या आजारात ती कितीतरी पटींनी वाढते. दिवस-रात्र सांभाळणारं मेंदूतलं घड्याळ बिघडलेलं असतं, अंधारून येताना सावल्या नीट ओळखू येत नाहीत, दिवसभराचा थकवा असतो, आणि घरात त्याच वेळी गडबड सुरू होते. कुकर, टीव्ही, येणारी-जाणारी माणसं. पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावा, अंधार पडायची वाट बघू नका. सकाळी अर्धा-पाऊण तास उन्हात बसवा, दुपारची झोप थोडक्यात आटपू द्या. 'हेच तुमचं घर आहे' हे वाक्य कायमचं टाकून द्या, त्याने त्यांची खात्री पटते की आपल्याला कुणीतरी डांबलंय. त्या ज्या घराबद्दल बोलतात ते बहुधा माहेरचं असतं. विचारा, तुमच्या घरी गाई किती होत्या? विहीर कुठल्या बाजूला होती? बोचकं घेऊन अंगणात एक फेरी मारा आणि 'चला, आलं घर' म्हणत परत या.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. मुलाचं नाव विसरले होते, पण पावकी-निमकी घडाघडा म्हणायचे. त्यांच्या सुनेने सहा वाजताची वेळ पाढ्यांची ठरवली. नातू चुकीचा पाढा म्हणायचा आणि गुरुजी त्याला सुधारायचे. बोचकं बांधणं थांबलं असं नाही, पण आठवड्यातून सातचं दोनावर आलं. लहानपणी पाठ झालेलं, चालीवर म्हटलेलं फार उशिरापर्यंत टिकतं. सासूबाईंचं असं काय आहे ते शोधा. ओव्या, आरत्या, भोंडल्याची गाणी, तांदूळ निवडणं, वाती वळणं, काहीही.

तिसरी गोष्ट माणसं, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुमच्या पत्रात 'दीर बेंगळुरूला, नणंद पुण्यात' एवढंच आहे. त्या दोघांकडे तुम्ही काही मागितलं का, ते लिहिलेलं नाही. बहुधा मागितलं नसेल, किंवा 'जरा येत जा' असं म्हटलं असेल, आणि त्यांनी फोनवर 'वहिनी, तुम्ही खूप करता हो' म्हटलं असेल. कौतुकाने रात्रीची झोप मिळत नाही.

मागायचं ते काम, दिवस आणि वेळ घालून मागा. नणंदेला: "दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी तुम्ही या, रविवारी संध्याकाळी जा. त्या दोन दिवसांत आईचं सगळं तुम्ही करायचं, मी घरात नसेन." घरात न थांबणं महत्त्वाचं आहे. तुम्ही समोर दिसलात तर सासूबाई तुम्हालाच हाक मारतील. दिराला: "रात्रीच्या बाईचा महिन्याचा खर्च तुम्ही उचला." ब्यूरोची मावशी तुमच्या भागात मिळत नसेल, तर गावातलीच ओळखीची बाई आठवड्यातून तीन रात्री मिळते का बघा. आणि हे बोलणं तुम्ही करू नका, मिस्टरांनी करायचं. आई त्यांची आहे. आपल्याकडे मुलाची आई आजारी पडली की सून करते आणि मुलगा 'लक्ष घालतो', हे बघून बघून माझा जीव आजही तुटतो. शक्य असेल तर तिघा भावंडांना एकत्र बसवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना तिथे असू द्या. बाहेरच्या माणसासमोर माणसं जरा जबाबदारीने बोलतात.

एकत्र बसवण्याने काय होतं, तेही मोजलं गेलंय. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी अल्झायमर झालेल्यांच्या ४०६ जोडीदारांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. निम्म्या जोडीदारांसाठी कुटुंबाच्या बैठका, एकमेकांना आधार देणारे गट आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला, अशी सोय होती. त्या घरांतल्या रुग्णांना कायमच्या काळजी केंद्रात हलवायची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. आपल्याकडची घरं वेगळी, तरी त्यातलं एक मला इथेही रोज दिसतं: आपल्या पाठीशी माणसं आहेत असं ज्यांना वाटतं, ते टिकतात.

आता ते पंचवीस वर्षांचं टोचणं. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, पण मला वाटतं परवाच्या रात्री तुमच्या हातात ते होतं. ज्या बाईशी कधीतरी भांडायचं राहून गेलं, तिला आता भांडण आठवतच नाही. माफी मागायला ती उरलेली नाही, आणि समोर बसून भात मात्र तुमच्याच हातून खातेय. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हणतात. माणूस आहे आणि नाहीही. आपल्याकडे मेलेल्या माणसासाठी दहावा-तेरावा असतो, लोक येऊन बसतात. जिवंतपणी हरवलेल्या माणसासाठी काहीच नाही, आणि जिच्यावर राग होता तिच्यासाठी तर रडायचीही सोय नाही.

तुम्हाला त्यांच्यावर प्रेम करता आलंच पाहिजे असं नाही. मी अशा कितीतरी सुना पाहिल्या आहेत ज्यांनी माया न वाटताही स्वच्छ, नीट, वेळेवर सगळं केलं. ते करणं खोटं नव्हतं. राग आहे हे कुणाजवळ तरी बोला, बहिणीजवळ, मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ. न बोललेला राग रात्री तीनला बाहेर येतो.

तो येतोय असं वाटलं, दात आवळले गेले, कानशिलं तापली, की त्यांना पलंगावर किंवा खुर्चीत बसवा, गॅस बंद आहे आणि बाहेरचं दार लावलंय एवढं बघा आणि खोलीतून निघा. दहा मिनिटं. तोंडावर पाणी मारा, ओट्याशी उभं राहा. मागून हाका येतील, येऊ द्या. दहा मिनिटं रडल्याने त्यांना काही होणार नाही. तरीही पुन्हा हात उठला, तर एकटीने सांभाळायची मर्यादा संपली असं समजा आणि त्याच दिवशी मिस्टरांना, डॉक्टरांना सांगा. मग रात्रीची बाई किंवा काही आठवड्यांसाठी काळजी केंद्र, जे होईल ते. तिथे ठेवणं पाप आहे असं मला अजिबात वाटत नाही. थकलेल्या हातांपेक्षा परके पण झोप झालेले हात म्हाताऱ्या माणसासाठी सुरक्षित असतात.

एक प्रश्न सरळ विचारते, मनात उत्तर द्या. 'यापेक्षा दोघी सुटलो तर बरं' असं कधी मनात आलंय? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव रमत नाही, खाण्यावरची वासना गेलीय, असं आहे? तर हा नुसता थकवा नाही, नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आणि मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर मदतीसाठी १४५६७ हा एल्डरलाइनचा नंबर आहे.

स्वतःच्या गोळ्या, तपासण्या चुकवत असाल तर इथे एक आकडा सांगते. शुल्झ आणि बीच या संशोधकांनी १९९९ साली अमेरिकेत आजारी जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या वयस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना त्याचा ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पण तीच शुश्रूषा ज्यांना ताणाविना जमत होती, त्यांच्यात हा धोका वाढलेला नव्हता. करण्याने माणूस खचत नाही, एकट्याने ताणाखाली करण्याने खचतो.

पैशाचं थोडक्यात. सासूबाईंनी पूर्वी कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर त्यावर विसंबू नका. आपल्या कायद्यात, देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. बँक, पेन्शन, जमिनीचं काय करायचं ते मिस्टरांनी आणि दिरांनी वकिलांना विचारावं. यात तुम्ही पडू नका, तुमच्या वाट्याला आधीच पुष्कळ आहे.

तर या आठवड्यात तीनच कामं. उद्या लघवीची तपासणी आणि गोळ्यांची पिशवी. मिस्टर पाळीवरून आले की हे पत्र त्यांना वाचायला द्या, वळांबद्दलचं वाक्यसुद्धा, आणि नणंदेला फोन त्यांनी तुमच्यासमोर लावू दे. आणि येत्या शनिवारी, कुणीही येवो न येवो, मिस्टरांना सुट्टी घ्यायला सांगून बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे जाऊन झोपा. रिपोर्ट आला की मला कळवा. नणंद काय म्हणाली तेही लिहा, नाही म्हणाली असेल तर पुढचा फोन कसा करायचा ते आपण ठरवू.